कारळ्याच्या चटणीला जाड अक्षर शोधताना

आमच्याकडे कराडला चटण्या-मसाल्यांचा उद्योग सासूबाईंनी सुरू केला, आणि बरीच वर्षं त्याला लेबल लागलंच नाही. पिशवीवर मार्करने ‘जवस’, ‘कारळं’, ‘कां. ल.’ (कांदा-लसूण) एवढं लिहिलं की भागायचं, कारण गिऱ्हाईक ओळखीचं होतं. पुढे पुण्याला नणंदेच्या सोसायटीतून मागणी यायला लागली, बचत गटाच्या प्रदर्शनात टेबल मिळालं, आणि तिथे लक्षात आलं की आमच्यासारखी चटणी सगळ्यांकडे आहे आणि लोक चालता चालता बघतात. थांबायचं की नाही हे चार-पाच पावलांच्या अंतरावरून ठरतं. तेवढ्या अंतरावरून वाचता येईल असं अक्षर हवं, एवढीच आमची अट होती. अक्षर शोधायचं काम माझ्याकडे आलं, कारण घरात कंप्युटरवर बसणारी मी. डिझाइनचं शिक्षण नाही, पण शाळेत फळा-लेखन करून हात आणि डोळा थोडा बसलेला.

ब्रँडचं नाव इथे लिहीत नाही, जाहिरात केल्यासारखं होईल. मालाच्या नावांवरच बोलू, खरा घोळ त्यांतच होता.

आधी गावातल्या डीटीपीवाल्याकडे गेले. त्याने पाच मिनिटांत नमुने काढून दिले: एकात सोनेरी सावली, एकात अक्षराभोवती दोन कडा, एकात लग्नपत्रिकेतलं वळणदार अक्षर. माणूस कामाला चोख होता, पण त्याच्याकडचे फॉन्ट जुन्या पद्धतीचे, युनिकोडच्या, म्हणजे सगळ्या यंत्रांवर चालणाऱ्या सामाईक पद्धतीच्या, आधीचे. त्यांत टाइप केलेलं नाव तिथून उचलून व्हॉट्सअॅपच्या दरपत्रकात टाकलं की इंग्रजी अक्षरांची खिचडी व्हायची. मला लेबल, दरपत्रक आणि पिशवी या तिन्हींवर एकच अक्षर हवं होतं. म्हणून युनिकोड फॉन्टच बघायचा हे ठरलं. तोही मोफत आणि धंद्यासाठी वापरायची मोकळीक असलेला. गूगल फॉन्ट्सवरचे बहुतेक देवनागरी फॉन्ट ‘ओपन फॉन्ट लायसन्स’खाली आहेत. त्यांतून लेबल छापा, बोधचिन्ह करा, माल विका, कुणाला पैसे द्यावे लागत नाहीत. नुसता फॉन्टच सुटा विकायला मात्र मनाई आहे, आणि ते आम्हाला करायचं नव्हतं.

तिथे देवनागरी लिपी निवडली की लांबलचक यादी येते आणि प्रत्येक फॉन्टखाली एक ठरावीक वाक्य दिसतं. त्या वाक्यावर जाऊ नका, त्यात आपली अक्षरं नसतात. मी माझी स्वतःची ओळ बनवली: ‘कारळ्याची लसूण शेंगदाणा मेतकूट ठेचा कैऱ्या हुलग्याचं’. ही सगळी आमच्या मालाचीच नावं, पण निवडताना थोडा विचार केला होता. ‘कारळ्या’त ळ आणि त्याचं जोडाक्षर आहे. जाड फॉन्टांत ळची दोन पोटं सगळ्यात आधी बुजतात, आणि हिंदी डोळ्यासमोर ठेवून बनवलेल्या फॉन्टांत तो ळ बिचारा शेवटी उरकल्यासारखा दिसतो. ‘मेतकूट’मध्ये वर मात्रा, खाली दीर्घ ऊकार, म्हणजे उंचीची परीक्षा. ‘ठेचा’त ठचं गोल पोट. ‘कैऱ्या’त तो अर्धा र, जो मराठीबाहेर फारसा कुणाला लागत नाही. काही फॉन्टांत तिथे सरळ रफार येऊन बसतो आणि ‘कैर्या’ होतं. आपण ऱ हे अक्षर नुक्त्यासकट टाइप केलं असेल तर चांगला फॉन्ट तो नीट काढतो, नाही काढला तर तो फॉन्ट यादीतून गेला. इथे मी दयामाया दाखवली नाही. लोणच्याच्या लेबलावर ‘कैर्या’ छापून आम्ही कुणाला तोंड दाखवणार?

‘लसूण’ आणि ‘शेंगदाणा’ मुद्दाम होते. मराठी ल पाकळीचा आणि श देठाचा. बहुतेक फॉन्ट उघडले की समोर येतो तो हिंदी वळणाचा दंडाचा ल आणि शेंडीचा श. राज्य शासनाच्या २०२२च्या निर्णयातही पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श वापरायचं म्हटलंय, पण तो निर्णय वाचून कुणी चटणी घेत नाही. माझं कारण साधं होतं: सासूबाई तोच ल लिहितात. काही फॉन्टांत ही मराठी रूपं आत दडलेली असतात. सॉफ्टवेअरमध्ये मजकुराची भाषा ‘मराठी’ केली की ती आपोआप येतात, नाहीतर ग्लिफच्या (फॉन्टातल्या सगळ्या अक्षररूपांच्या) यादीत जाऊन हाताने उचलावी लागतात. हे माहीत नसल्यामुळे कितीतरी मराठी पाट्या विनाकारण हिंदी ल मिरवतात.

यादी चाळताना एक गंमत. ‘श्रीखंड’ नावाचा एक देखणा, गुबगुबीत, तिरका फॉन्ट दिसला. नाव वाचून हाच आपला म्हणून उघडला तर तो गुजराती आणि रोमन लिपीचा, देवनागरी त्यात नाहीच. श्रीखंडावरचा हक्क असा गेला.

पहिला जीव जडला तो ‘मोदक’वर. मुंबईच्या ‘एक टाइप’ या गटाचा हा फॉन्ट नावाला जागतो. अक्षर इतकं भरलेलं की पोटातली मोकळी जागा केसाएवढी फट होऊन उरते, आणि तरी वाचता येतं. स्क्रीनवर ‘ठेचा’ असा काही दिसला की मी लगेच आईंना दाखवायला नेला. (सासूबाईंना आम्ही आईच म्हणतो.) त्यांनाही आवडला. मग भाच्याला पाठवला, तो पुण्याला डिझाइन शिकतो. त्याचा फोन आला, “मामी, क्राफ्ट पेपरवर छापून बघ, मग बोलू.”

खाकी क्राफ्टच्या पाउचवर चिकटवायला आम्ही तसलंच खाकी स्टिकर घेणार होतो. त्या कागदावर छापून आणलं तर ठेचाच्या ठचं पोट नाहीसं झालं होतं. असला खरखरीत कागद शाई पितो, शाई कडेने पसरते, आणि प्रत्येक रेघ थोडी जाड होते. साध्या अक्षरात हे कळतही नाही. पण जिथे पांढरी फटच केसाएवढी, तिथे ती दोन्हीकडून बुजते. आमच्या लेबलावर अक्षराची उंची जेमतेम सव्वा सेंटीमीटर. तेवढ्यात मोदकचा ‘ळ्या’ म्हणजे एक काळा गोळा. फॉन्टचा दोष नाही, तो मोठ्या आकारासाठीच केलेला आहे. पण त्या कागदाकडे बघून माझ्या डोक्यातला गैरसमज गेला. जाड अक्षर म्हणजे जास्त शाई असं मी धरून चालले होते. लांबून डोळा वाचतो ती अक्षराच्या आतली मोकळी जागा. शाई तिच्याभोवती किती ठेवायची हा पुढचा प्रश्न.

तिथून पुढे मी प्रत्येक फॉन्ट त्या नजरेने बघायला लागले, आणि प्रत्येक वेळी खऱ्या कागदावर, खऱ्या मापात.

‘रोझा वन’ हा अहमदाबादच्या इंडियन टाइप फाउंड्रीचा. उभ्या रेघा धष्टपुष्ट, आडव्या अगदी नाजूक. जुन्या मिठाईच्या दुकानाची पाटी आठवते, दिमाखदार आहे. पण नाजूक रेघ क्राफ्टवर कधी तुटते, कधी भरते. गुळगुळीत पांढऱ्या लेबलावर, सोनेरी डब्यावर, दिवाळीच्या फराळाला मी तो डोळे मिटून घेईन. तिखटाला नाही.

‘यात्रा वन’ मुंबईच्या लोकल स्टेशनांवरच्या हाताने रंगवलेल्या पाट्यांवरून केलेला आहे. सपाट ब्रशची कलती टोकं त्यात आहेत. हे अक्षर मनापासून आवडलं. ‘कारळ्याची’ त्यात खणखणीत उठून दिसलं, पोटं मोकळी राहिली. अडचण दोन ठिकाणी आली. एक, त्याला वजन, म्हणजे रेघांची जाडी, एकच, कमी-जास्त करता येत नाही. दुसरी, त्याची रोमन अक्षरंही देवनागरी ब्रशच्याच कलाने काढलीयत. डिझाइनर म्हणून ती हुशारी आहे, पण आमच्या लेबलावर इंग्रजी नाव त्यात टाकलं की परदेशी पर्यटकांसाठीच्या ‘करी हाउस’ची पाटी वाटायची.

‘खंड’ आणि ‘टेको’ हे उंच, दाटीवाटीचे. आमच्या ‘शेंगदाण्याची चटणी’ला वाटलं हेच बरे, एका ओळीत मावतंय. आईंनी चष्मा न लावता बघितलं आणि म्हणाल्या, “हे काय, मतदानाचं आहे का?” बातम्यांच्या चॅनेलने आणि फ्लेक्सने ही अक्षरं इतकी वापरलीत की चटणीचं नाव त्यात ओरडून सांगितल्यासारखं वाटतं. मला तर ‘ताजी बातमी: शेंगदाणा’ असंच दिसत होतं.

‘बलू’ सगळ्यांना माहीत असतो, नाव माहीत नसलं तरी. गोल टोकांचा, हसरा, तोही ‘एक टाइप’चाच. त्याच्या दुसऱ्या आवृत्तीत साध्यापासून एक्स्ट्राबोल्डपर्यंत वजनं मिळतात. आमची सगळी परीक्षा तो पास झाला. तरी घेतला नाही, कारण तो आता सगळीकडे आहे: बालवाडीच्या पाटीवर, कुरकुरीत खाऊच्या पुड्यावर, आरोग्य खात्याच्या पत्रकावर. आमच्या कांदा-लसूण मसाल्याने घाम फुटतो, त्याला असं गालाला खळी पडणारं अक्षर शोभेना. हे माझं मत. भाचा म्हणाला, गिऱ्हाईक एवढा विचार करत नाही. करत नसेलही, पण मी करते.

या सगळ्यात लांबीचा प्रश्न तसाच होता. ‘ठेचा’ दोन अक्षरांचा, ‘शेंगदाण्याची चटणी’ चौपट लांब. लेबलाची रुंदी मात्र एकच. डीटीपीवाल्याचा उपाय सोपा होता: माउसने पकडून शब्द आडवा ताणायचा किंवा दाबायचा. तो ताणला की उभ्या रेघा फुगतात, आडव्या आहेत तेवढ्याच राहतात, शिरोरेषा बारीक पडते. दाबला तर उलट. एका टेबलावर आठ पाउच शेजारी ठेवले की आठही वेगळ्या घरचे दिसतात.

उत्तर सापडलं ‘अनेक देवनागरी’मध्ये. एक टाइपने २०२२ साली काढलेल्या अनेक या कुटुंबात नऊ भारतीय लिप्या आणि रोमन अशा दहा लिप्या आहेत. त्यात वजनाबरोबर रुंदीही बदलते, अरुंदपासून पसरटपर्यंत, आणि ही रुंदी अक्षर ओढून केलेली नसते. प्रत्येक रुंदीला रेघांची जाडी नीट जुळवलेली असते. व्हेरिएबल फाइल (सगळी वजनं आणि रुंदी एकाच फाइलीत) वापरायची नसेल तर डाउनलोडमध्ये वेगवेगळ्या रुंदीच्या फाइली सुट्या मिळतात. ‘ठेचा’ पसरट घेतला, ‘मेतकूट’ मधला, ‘शेंगदाण्याची’ अरुंद, सगळे एक्स्ट्राबोल्ड. आठ पाउच एका ओळीत ठेवले आणि पहिल्यांदा ती एका घरची भावंडं वाटली. अनेक हा काही नजरेत भरणारा नखरेल फॉन्ट नाही. यात्रासारखा स्वभाव त्याला नाही. पण कामाचा आहे, आणि रोमनची जोडी घरचीच असल्यामुळे इंग्रजी नाव उपरं वाटत नाही.

स्वभाव कुठून आणायचा, तर ब्रँडच्या नावातून. तिथे मी फॉन्ट वापरलाच नाही. आपल्याकडे मोठ्या, जाड, ठसठशीत अक्षराची सवय डोळ्याला लागली ती छापखान्याच्या खिळ्यांपेक्षा हाताने काढलेल्या अक्षरांतून. वर्तमानपत्रातल्या नाटकांच्या जाहिराती आठवा. अक्षररचनाकार कमल शेडगे २०२० साली गेले. त्यांनी नाटकाच्या नावाचं अक्षर नाटकाच्या प्रकृतीनुसार दर वेळी नव्याने काढलं, आणि माझ्या पिढीने नाटक बघायच्या आधी ते अक्षर बघितलं. तेवढी उंची आमच्या चटणीला नको, पण वळण तर घेता येतं. आमच्या इथे ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर नावं रंगवणारे एक काका आहेत. त्यांच्याकडून सपाट ब्रशने नाव लिहून घेतलं, कोऱ्या ड्रॉइंग पेपरवर, काळ्या रंगात. त्यांनी भराभर लिहिलेल्यांतलं एक निवडलं, स्कॅन करून भाच्याने ट्रेस केलं. काकांनी पैसे कमी सांगितले होते, ते आईंनी वाढवून दिले.

आता ज्या गोष्टी कुणी आधी सांगत नाही त्या.

भाच्याने पहिल्या मांडणीत अक्षरांत मोकळं अंतर सोडलं होतं, इंग्रजी बोधचिन्हांत सोडतात तसं. देवनागरीत असं केलं की शिरोरेषा तुटते आणि ‘मे त कू ट’ अशी वाटणी होते. काही कंपन्या मुद्दाम करतात, त्यांना लखलाभ. अंतर शून्य ठेवायचं आणि शब्द मोठा हवा असेल तर रुंद फॉन्ट घ्यायचा.

दोन ओळींत नाव बसवताना वरच्या ओळीचे उकार आणि खालच्या ओळीच्या वेलांट्या एकमेकांत घुसतात. ‘हुलग्याचं’ वर आणि ‘पीठ’ खाली ठेवलं तर हुचा उकार आणि पीची वेलांटी यांची टक्कर. जाड वजनात हे दुप्पट जाणवतं. ओळींतलं अंतर वाढवून भागेना, कारण मग बाकीच्या लेबलांशी मेळ जातो. शेवटी ‘पीठ’ थोडं उजवीकडे सरकवलं. कोणताही फॉन्ट हे तुमच्यासाठी करत नाही.

सॉफ्टवेअर देवनागरीसाठी नीट लावलेलं आहे का हे ‘चिंच’ टाइप करून बघा. पहिली वेलांटी चच्या डावीकडे यायच्या ऐवजी उजवीकडे जाऊन बसली तर समजायचं की मजकूर जोडणारं एंजिन बदलायचं राहिलंय. ते सेटिंगमध्ये असतं. इंकस्केप या मांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये आम्हाला काही करावं लागलं नाही, आणि ते फुकट आहे.

सगळ्यात चिवट भानगड प्लॉटरवर, म्हणजे सुरीने अक्षरं कापणाऱ्या यंत्रावर, झाली. टेबलासमोर लावायला लाल व्हिनाइलमध्ये ‘घरच्या चटण्या’ कापून हवं होतं. फॉन्टात प्रत्येक अक्षराची शिरोरेषा शेजारच्या अक्षरावर किंचित चढलेली असते, म्हणून ती सलग दिसते. मजकुराचं कर्व्हमध्ये, म्हणजे नुसत्या आकारांत, रूपांतर केलं की ही अक्षरं एकावर एक चढलेले सुटे तुकडे राहतात. छापताना दिसत नाही, पण प्लॉटरची सुरी प्रत्येक सांध्यावर काप घेते. शब्दाभोवती कडा द्यायला गेलं तरी त्याच सांध्यांवर उभ्या रेघा उमटतात. उपाय सगळे तुकडे एकसंध करणाऱ्या एका बटणाचा आहे: कोरल ड्रॉमध्ये वेल्ड, इंकस्केपमध्ये युनियन. पण तो कर्व्ह केल्यानंतर आणि कापायच्या आधी करायचा असतो. कटिंगवाल्या दादाने फाइल बघताच विचारलं, “वेल्ड केलंय का मॅडम?” त्याला रोजचा अनुभव होता.

बारीक मजकुराला जाड फॉन्ट लावायचा मोह टाळलाच पाहिजे. घटक, वजन, तारीख, पत्ता, अन्नसुरक्षेचा (एफएसएसएआयचा) १४ अंकी क्रमांक, हे सगळं मागच्या लेबलावर. ही कायद्याची माहिती इंग्रजीत किंवा देवनागरी हिंदीत द्यावी लागते, मराठी जोडीला चालते. नुसत्या मराठीत देऊन भागेल असं आमच्या गटातल्या बऱ्याच जणींना वाटत होतं. मराठी मजकुराला ‘मुक्ता’ घेतला, साध्या वजनात. तोही एक टाइपचा, बारीक आकारात शांतपणे वाचता येतो. पुढचं लेबल ठळक दिसायचं असेल तर मागचं तसं नको, दोन्ही बोलायला लागली की काहीच ऐकू येत नाही.

रंगाचं म्हणाल तर लाल अक्षर खाकी कागदावर मरतं. स्क्रीनवर तिखट दिसणारा लाल छापून आल्यावर विटकरी होतो आणि कागदात विरघळतो. काळा घेतला. शिवाय चटणीला तेल असतं, पाउचच्या तोंडाशी ते कुठेतरी लागतंच, आणि खाकी कागदावर डाग पडला की बारीक अक्षर जातं. जाड काळं अक्षर डागातही टिकतं. हा फायदा आम्ही धरला नव्हता.

शेवटची परीक्षा आईंनी घेतली. पाउच ओट्यावर लावले, त्या माजघराच्या दारात उभ्या राहिल्या, चष्मा काढला. ‘जवस’ वाचलं, ‘कारळ्याची’ वाचलं, ‘मेतकूट’ वाचलं. ‘शेंगदाण्याची’पाशी अडखळल्या. अरुंद रुंदीत ‘ण्या’ आणि ‘ची’ एकमेकांना फार खेटले होते. मग ‘शेंगदाणा चटणी’ केलं आणि एक पायरी रुंद फॉन्ट बसला. नाव बदलून फॉन्ट सावरला हे डिझाइनच्या पुस्तकात बसतं की नाही माहीत नाही, पण ‘शेंगदाणा चटणी’ असंच सगळे म्हणतात.

मोदकचं काय केलं, तर तो कापडी पिशवीवर गेला. तिथे फक्त ‘ठेचा’ हा एक शब्द आहे, आठ इंच रुंद. एवढ्या मापात ठच्या पोटातली फट चांगली दोरीएवढी होते, स्क्रीन प्रिंटिंगची शाई तिच्यात शिरत नाही. छापणाऱ्याने आधी कोऱ्या कापडावर एक ठसा काढून दाखवला, मग बाकीचे काढले. पिशव्या चटणीपेक्षा आधी संपतात. आई म्हणतात, पुढच्या खेपेला ‘कारळं’ छापा. मी मोदकमध्ये काढून बघितलंय. ळची दोन्ही पोटं त्या मापातही जेमतेम तगतायत, म्हणून पिशवी दहा इंची घ्यायची का, याचा दर विचारायला उद्या जायचंय.